सारवण ओलं होतं म्हणे

आमच्या कर्जतला कोणी टेनिसचा विषय काढला की अजूनही वकीलसाहेबांचं कौतुक सुरू होतं आणि माझं डोकं फिरतं. काय ती सर्व्हिस, काय तो रुबाब, हरणं म्हणून कधी माहीत नाही! माहीत नाही कसं? माझ्या थोरल्या भावाने, दादाने, त्यांना चारचौघांसमोर धडधडीत हरवलं होतं. बायकांसाठी टाकलेल्या बाकावर बसून मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आहे.

त्या काळी शेजारी भिवपुरीला वीज तयार होऊन मुंबईला जायची आणि आम्ही संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसत बसायचो. गावात टेनिस मात्र आलं होतं. वकील, डॉक्टर, कचेरीतले दोघे-तिघे अशा मंडळींनी मिळून क्लब काढला होता. वकीलसाहेब त्याचे अध्यक्ष, आणि शाळेच्या कमिटीचेही तेच अध्यक्ष. दर वर्षीचा चषक त्यांच्याच दिवाणखान्यात असायचा. दादा शाळेत मास्तर होता. पुण्याला कॉलेजात असताना तो टेनिस शिकला होता. एकदा क्लबात चौथा भिडू मिळेना म्हणून त्याला बोलावणं आलं, आणि मग तो जातच राहिला. मी त्याच्याकडेच राहायचे आणि मुलींच्या शाळेत शिकवायचे.

कोर्ट शेणाने सारवलेलं असायचं. मुरूम चोपून घ्यायचा, वर शेणमातीचा हात फिरवायचा आणि चुन्याच्या रेघा ओढायच्या. डोंगराखालच्या ठाकरवाडीतल्या बायका येऊन हे काम करायच्या. सारवण खडखडीत वाळलं की चेंडू छातीपर्यंत उडतो, आणि वकीलसाहेबांना तो तसाच लागायचा. म्हणून सामन्याच्या बऱ्याच आधी सारवून ठेवायचं, असा क्लबाचा शिरस्ताच पडला होता. चेंडूनेसुद्धा साहेबांची मर्जी सांभाळून उडायचं म्हणजे कमाल झाली!

त्या वर्षी वाडीत लग्न निघालं आणि बायकांना यायला उशीर झाला. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सारवण झालं. दादा अंतिम सामन्यापर्यंत पोचला, हेच मंडळींना जरा जड गेलं होतं. सकाळी कोर्टाला ओल होती. वकीलसाहेबांनी बुटाने दाबून पाहिलं, हसले आणि म्हणाले, "चालेल हो. समोर मास्तरच तर आहेत."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. क्लबातल्या सगळ्यांनी ऐकलं.

मग खेळ सुरू झाला. चेंडू घोट्याच्या वर येईना. दादा गुडघे वाकवून, अगदी जमिनीला चिकटून खेळत होता. वकीलसाहेबांना वाकायची सवयच नव्हती. पहिला सेट त्यांनी नुसत्या सर्व्हिसवर घेतला. दुसऱ्यात त्यांना धाप लागली. तिसऱ्यात ते पंच म्हणून बसलेल्या डॉक्टरांकडे रागाने बघायला लागले, जणू त्या गरीब माणसानेच चेंडूला खाली बसायला सांगितलं होतं. शेवटचा चेंडू त्यांनी जाळ्यात मारला आणि सामना संपला. दादा घामाने निथळत होता आणि लहान पोरासारखा हसत होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी बाकावरून उठून उभीच राहिले.

चषक द्यायच्या आधी मंडळी चहाला म्हणून आत गेली आणि बाहेर आली ती निकाल घेऊनच. सारवण ओलं होतं, तेव्हा हा सामना धरायचा नाही. कोर्ट वाळलं की पुन्हा खेळवू. तोवर चषक आहे तिथेच राहू दे.

अरे, सारवण काय त्यांच्याच बाजूला होतं? जाळ्यापलीकडे दादा काय फरशीवर उभा होता? बाजू तर दोघेही बदलत होते! आणि "चालेल हो" कोण म्हणालं होतं? ते हरले असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना, मग हार शेणाच्या माथी मारली. पुन्हा खेळवायचा तो सामना आधी साहेबांच्या खटल्यामुळे राहिला, मग त्यांच्या पाठीमुळे राहिला, मग पाऊस लागला आणि पुढे कुणी त्याचं नावही काढलं नाही.

वाडीतल्या बायकांचं काम मात्र लगेच बंद झालं. त्यांच्यातली एक आमच्याकडे करवंदं घेऊन यायची. ती मागल्या दारी बसून म्हणाली, "आमी काय केलं गं बाय? वाडीत लगीन होतं, उशीर झाला. हारलं कोन आनि काम गेलं कोनाचं!" ती गेली तरी मी तशीच धुमसत बसले.

"तू भांडत का नाहीस?" मी दादाला विचारलं.

"नोकरी कायम व्हायची आहे माझी. कमिटीच्या अध्यक्षांशी भांडू?" तो म्हणाला. "मी जिंकलो हे मला माहीत आहे ना? मला तेवढं पुरे आहे."

"मला नाही पुरे," मी म्हटलं आणि ताटावरून उठले.

पुढे नोकरी कायम झाली. काही वर्षांनी वकीलसाहेबांनी खेळणं सोडलं आणि क्लबाने त्यांचा जाहीर सत्कार ठरवला. सत्कार म्हटला की मानपत्र आलंच. आणि मानपत्र लिहायचं कुणी? ज्याची भाषा चांगली, अक्षर चांगलं आणि आवाज खणखणीत, त्या मास्तरांनी! मी मजकूर वाचला तेव्हा माझा संताप संताप झाला. त्यात लिहिलं होतं, 'आमच्या कोर्टावर आपण सदैव अजिंक्य राहिलात.'

"हे वाक्य खोड," मी म्हटलं.

"कमिटीने सांगितलेलं वाक्य आहे ते," दादा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. दादाने मानपत्र वाचलं. मला वाटलं होतं, ते वाक्य तो निदान पुटपुटेल, घाईने उरकेल. छे! इतर वाक्यांसारखंच त्याने तेही स्वच्छ, ठणठणीत वाचलं. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो थांबेपर्यंत दादा कागद धरून उभा राहिला.

शेजारी डॉक्टरांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "अहो, तुमच्या भावानेच लिहिलंय ना? वाजवा की टाळ्या!"

"खोटं आहे ते," मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

बाई हसल्या आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "माहीत आहे हो. सगळ्यांनाच माहीत आहे."