मी पायऱ्या चढले नव्हते

प्रिय सई आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारलं, "आजी, देवळात जाऊन कुणाच्या किडन्या बिघडतात का?" तुम्ही दोघं हसलात. तुमचे आजोबाही हसले. मी हसले नाही, आणि कॉल संपल्यावर कागद काढून बसले.

ईशान, तुझा प्रश्न बरोबर होता. देवळात जाऊन किडन्या बिघडत नाहीत. मी देवळात गेलेच नव्हते. मी नदीत राफ्टिंगला गेले होते. वर्ष होत आलं तरी आपल्या घरात देवळाचीच गोष्ट चालू आहे आणि आता ती तुमच्यापर्यंत पोचली, म्हणून आज लिहिते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी अर्ज लिहिते. राग मला मराठीत येतो. आईकडून वाचून घ्या.

आजाराचं नाव मला इथल्या, सिल्वासातल्या, एका हॉस्पिटलच्या वॉर्डात कळलं. डॉक्टरबाई कॉटशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "लेप्टोस्पायरोसिस. लिव्हर आणि किडन्या, दोन्हींना लागलंय. आपले दोन दिवस फुकट गेले."

लेप्टोस्पायरोसिस म्हणजे एका सूक्ष्म जंतूमुळे येणारा ताप. उंदीर आणि गुरं यांच्या मूत्रातून हा जंतू पावसाच्या पाण्यात, चिखलात येतो आणि आपल्या कातडीवरच्या साध्या ओरखड्यातून आत शिरतो. वेळेवर कळला तर इंजेक्शनांनी बहुतेक बरा होतो. वेळेवर कळला तर, हे शब्द दोनदा वाचा.

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नदी डोंगरातून उतरते तेव्हा खडकांवरून कशी फेसाळत जाते, ते निळ्या खडूने फळ्यावर काढलं. त्या पाण्यात पाय कधी घातला नाही. माझ्याबरोबर गणित शिकवणाऱ्या हंसाबेनने ठरवलं, आपण पाच निवृत्त शिक्षिकांनी जायचं. नदी सह्याद्रीतली. वरच्या धरणातून सकाळी पाणी सोडतात, त्या तीन-चार तासांत रबरी होडीतून खाली यायचं.

तुमचे आजोबा म्हणाले, "सहासष्टाव्या वर्षी?" मी म्हटलं, "सदुसष्टाव्या वर्षी गेले तर बरं दिसेल का?" नंतर रत्नागिरीच्या आत्याआजींचा फोन आला तेव्हा मी पिशवी भरत होते. आजोबा त्यांना सांगत होते, "देवीच्या दर्शनाला चाललीय. हो, गडावर. मैत्रिणी आहेत बरोबर." मी ऐकलं आणि सोडून दिलं. फोनवरची एक थाप, तिचं काय एवढं, असं मला वाटलं.

नदीवर हेल्मेट, जॅकेट, वल्हं, सगळं दिलं. आमचा गाइड मधल्या वयाचा, गंभीर माणूस होता. "पोहता येतं?" त्याने विचारलं. पाचातल्या चौघींनी नाही सांगितलं. "मग जॅकेटवर विश्वास ठेवा. पडलात तर पाय वर, प्रवाहाच्या दिशेने, आणि उभं राहायला जायचं नाही." तिसऱ्या उतारावर होडी एका बाजूने उचलली गेली आणि मी पडले. पाणी नाकातोंडात गेलं, पोटात गेलं, नडगी खडकाला घासली. पाय वर धरून मी पन्नासेक मीटर वाहत गेले. मग गाइडने जॅकेटचे खांदे धरून मला आत ओढलं.

"तमे तो उतरीने चालवा गया," हंसाबेन म्हणाली. तुम्ही तर उतरून चालायलाच लागलात, असं. आम्ही पाची जणी इतक्या हसलो की वल्ही मारायची राहिली. माझ्या आयुष्यातल्या उत्तम सकाळींपैकी ती एक होती. ते मी मागे घेणार नाही.

नवव्या दिवशी ताप आला. थंडी वाजून, एकशे तीन. डोळे लाल झाले. पोटऱ्या अशा दुखायच्या की चादरीचा स्पर्श सोसवेना.

आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोटरी दाबली, मी ओरडले. "कुठे गेला होतात का काकू?" त्यांनी विचारलं. उत्तर आजोबांनी दिलं. "गडावर गेली होती. पाचशे पायऱ्या चढली."

आता इथे थांबा. मी त्याच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर बसले होते. जीभ शाबूत होती. पण डॉक्टर आमच्या ओळखीचे, आजोबा त्यांच्या वडिलांबरोबर सरकारी कचेरीत होते, आणि बाहेरच्या माणसापुढे नवऱ्याला खोटं पाडायचं नाही हे मला कुणी कधी न शिकवता येत होतं. मी गप्प बसले. चाळीस मुलांच्या वर्गात खोटं बोलणाऱ्याला उभं करणारी बाई मी.

डॉक्टर म्हणाले, "मग बरोबर आहे. व्हायरल ताप, त्यात पायऱ्यांनी स्नायू धरलेत." त्यांनी अंगदुखीच्या गोळ्या दिल्या. त्यांचा दोष मी मानत नाही. त्यांना पायऱ्या सांगितल्या, त्यांनी पायऱ्यांचं औषध दिलं. त्या गोळ्या मी तीन दिवस नियमाने घेतल्या. आधीच जंतूने सुजलेल्या किडन्यांना त्या गोळ्या किती जड जातात, हे मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली आणि डोळे पिवळे झाले. हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. क्रिएटिनिन साडेपाच. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, जो किडन्यांनी बाहेर टाकायचा असतो. माझ्या वयाला तो एकच्या आसपास हवा. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, खूप खाली. डेंग्यूची तपासणी केली, मलेरियाची केली. दोन्ही नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण नीट विचारणाऱ्या. "शेतात, चिखलात, साचलेल्या पाण्यात, नदीत? गेल्या पंधरा दिवसांत?" विचारलं माझ्या डोक्यावरून, आजोबांना. तापात पडलेल्या म्हाताऱ्या बाईला कोण विचारतं.

"छे छे. आमच्याकडे तसलं काही नाही," आजोबा म्हणाले. "ही शिक्षिका होती. देवदर्शनाला गेली होती, तेवढंच."

मी अर्धवट ऐकत होते. तोंडाला कोरड पडली होती, जीभ उचलत नव्हती. आणि खरं सांगायचं तर तोवर ती थाप आम्हा दोघांची झाली होती. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं: पाण्याशी संपर्क नाही.

दोन दिवस सलाईन आणि वाट पाहणं. आजोबा बाहेरच्या बाकावर बसून होते, जेवत नव्हते, हे मला सिस्टरने सांगितलं. त्यांना माझी काळजी नव्हती असं समजू नका. काळजी होती, आणि तरी त्यांनी खरं सांगितलं नाही. याचाच मला राग आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या कॉटवर जवळच्या दुधनी गावाकडची एक बाई आणली. पंचविशीची असेल. तोच ताप, तेच लाल डोळे. डॉक्टरबाईंनी तिच्या नवऱ्याला तोच प्रश्न विचारला.

"पाण्यातच व्हती की," तो म्हणाला. "चार दिस गाळात उभी, भात लावीत. पायाला कापलं बी व्हतं. ताप आला तवाच मी बोललो, डॉक्टरकडं चल, तर म्हणते लावणी होऊ दे."

"लेप्टोच वाटतोय. रक्त पाठवा आणि पेनिसिलिन आत्ताच सुरू करा," डॉक्टरबाई सिस्टरला म्हणाल्या.

हे सगळं दोन मिनिटांत झालं. त्या माणसाला लपवायचं काही नव्हतं. त्याची बायको पाचव्या दिवशी चालत घरी गेली.

मी सिस्टरला खुणेने पेन मागितलं. कागद मिळेना, तेव्हा औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. नदी. राफ्टिंग. ताप येण्याआधी नऊ दिवस. पाण्यात पडले, पाणी प्याले, उजवी नडगी खरचटली. देऊळ खोटं. अक्षर वाकडं आलं, त्याची मला तेव्हाही लाज वाटली.

डॉक्टरबाईंनी पुठ्ठा वाचला. पांघरूण बाजूला करून नडगीवरची खपली पाहिली. मग आजोबांना आत बोलावलं. "काका, हे खरं आहे?"

आजोबा पुठ्ठ्याकडे बघत राहिले. "लोक काय म्हणतील असं वाटलं," ते म्हणाले.

"कोण लोक?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

अर्ध्या तासात मलाही पेनिसिलिन लागलं. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला, आणि सुरुवातीला सांगितलं ते वाक्य मी ऐकलं. पण किडन्या तोवर थकल्या होत्या. तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. म्हणजे मानेतल्या नळीतून रक्त बाहेर काढून, यंत्रात धुऊन, परत आत सोडतात. दुखत नाही फारसं. थंडी वाजते, आणि छताकडे बघत चार तास विचार करायला मिळतात. किडन्या परत सुरू होतील का, हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं. सिस्टर रोज सकाळी लघवी मापायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायची. दीडशे मिली. दोनशे. एके दिवशी ती म्हणाली, "बाई, आज नऊशे." परीक्षेत पहिलं आल्यासारखे आम्ही एकमेकींचे हात धरले.

भेटायला आलेल्यांपैकी ज्यांना नदीचं कळलं, ते सगळे एकच म्हणत: या वयात कशाला. तुमच्या बाबांना मी फोनवर खरं सांगितलं, तर कॅनडाहून त्यांनीही तेच म्हटलं. त्यांना मी विचारलं ते तुम्हालाही विचारते. शेजारची ती बाई पंचविशीची होती, तिला हाच ताप आला. तिला कुणी विचारलं का, या वयात भात कशाला लावतेस? होडीतून आणखी दोघी पडल्या होत्या, त्यांना काही झालं नाही. जंतूने माझं वय विचारलं नव्हतं. नदीने मला आजारी केलं, हे मी मान्य करते. पण डायलिसिसपर्यंत मला नदीने नेलं नाही.

तुम्ही नदीत जाल, तळ्यात जाल, जा. अंगावर जखम असेल तर नीट झाका. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य पाण्याचं सांगा. आणि ते स्वतः सांगा. तुमच्या वतीने बोलणारा माणूस तुमच्यावर कितीही प्रेम करत असला, तरी तुमच्या तोंडाने बोला.

हे पत्र मी आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पायऱ्यांचं तेवढं गाळ." मी म्हटलं, "मग पत्रात उरतं काय?" ते उठून गच्चीवर गेले. बऱ्याच वेळाने खाली आले आणि रत्नागिरीला फोन लावला. दार बंद होतं. काय बोलले ते मी विचारलेलं नाही.

परवाचं क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन. माझ्या दोन्ही किडन्या काम करतात.

तुमची आजी