ब्लाटो: जहाजात बसून गेलेल्या माणसांचं गाव

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आमच्या शेजारी मारिया आंटी राहतात. लग्न होऊन क्रोएशियातून इकडे आल्या. नवरा पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये होता, आता तो नाही. आईच्या मयताला त्यांना जाता आलं नाही, तेव्हापासून धाकटी बहीण आना त्यांच्याशी बोलत नाही. आंटींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी फिजिओ म्हणून व्यायाम करून घ्यायचे. एक दिवस म्हणाल्या, "लीना, मला एकदा माझ्या गावी, ब्लाटोला जायचंय. एकटीला जमणार नाही. येशील?"

लीव्ह साठलीच होती. म्हटलं, "चला!"

सिडनीहून दोहामार्गे स्प्लिट, तिथून फेरीने कोर्चुला बेटावरचं वेला लुका बंदर. डेकवर वारा बोचतो, जॅकेट हाताशी ठेवा. पुढे ब्लाटोपर्यंत बस, अगदी थोडा वेळ. ऑक्टोबर संपताना गर्दी नसते, खोल्याही स्वस्त मिळतात.

गाव समुद्रापासून आत, टेकड्यांवर वसलेलं. ब्लाटो म्हणजे चिखल. खालच्या सपाटीवर पूर्वी पाणी तुंबून तळं व्हायचं. गावाने डोंगरातून बोगदा काढून ते समुद्रात सोडलं. तिथे द्राक्षं होती, पण शंभरेक वर्षांपूर्वी वेलींवर रोग पडला आणि कुटुंबंच्या कुटुंबं जहाजात बसून दक्षिण अमेरिकेला गेली, काही ऑस्ट्रेलियाला. बंद खिडक्यांची घरं बघत आम्ही लिंडनच्या झाडांखालून चाललो. मारिया आंटी एकेका दाराशी थांबून नावं सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण. माझ्या गावी वसईला आम्ही ठेवतो तशीच इथेही कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या. आईच्या कबरीपाशी काळ्या कोटातली एक बाई वाकून शेवंती लावत होती. आना! मारिया आंटींनी माझा दंड घट्ट धरला.

आनाने वर पाहिलं. दोघी काय बोलल्या ते मला आंटींनी मग सांगितलं.

"उशीर केलास."

"हो."

"गुडघा दुखतो का अजून?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळं गाव सांगतं. तूच काही सांगत नाहीस."

मग आनानेच बहिणीचा दुसरा हात धरला. घरी गेल्यावर तिने लुम्ब्लिया कापली, सणाला भाजतात तो सुकामेव्याचा गोड ब्रेड, आणि पहिला तुकडा मला दिला. खिडकीतून कोवळ्या वेलींच्या रांगा दिसत होत्या. आना म्हणाली, त्या लावणारं जोडपं शहरातून परत आलंय.

मला वाटलं होतं, माणसं निघून गेलेलं गाव उदास असेल. परत आल्यावर आठवतं ते त्याचं वाट बघणं, आणि वसईला घरी फोन केला की मीही आता ठेवायची घाई करत नाही.

नाताळात आना वॉलॉंगॉंगला आली. बीचवर दोघी स्कर्ट वर धरून पाण्यात उभ्या, तावातावाने भांडत होत्या. मी घाबरून विचारलं, "काय झालं?"

"ही म्हणते, तुमचा समुद्र फार मोठा आहे," मारिया आंटी म्हणाल्या. "मी म्हणते, आलीसच ना ओलांडून!"