खाऱ्या पाण्याचा पंप आणि शमीम आपा

शमीम आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या इतवारा बाजारात भाजी घेत होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा, इकबालभाईंचा होता. "आपा नहीं रही, सुनंदाताई," एवढंच ते म्हणाले आणि मागून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. छातीतली गाठ फार उशिरा कळली होती, शेवटचे महिने वाईट गेले होते, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी भाजीवाल्यानं पुढे केलेली मेथी हातात धरून मी नुसती उभी राहिले... संध्याकाळी कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश आला. ज्या साहेबांनी आपाला नोकरी सोडायला लावली, त्यांनीच लिहिलं होतं : 'आपल्या लायब्ररीचा पाया रचणाऱ्या समर्पित सहकारी.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी हात जोडले नाहीत. काही आठवडे लोटलेत, पण तो संदेश गळ्याखाली उतरत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आमची कंपनी गावोगावच्या नळयोजना कंत्राटावर चालवते. आपा अकोल्याची, मेकॅनिकल इंजिनिअर, पंपांच्या देखभालीची प्रमुख. मी अमरावतीच्या कार्यालयात, कोणत्या फिटरनं कोणता पंप कधी तपासायचा त्या कामाच्या पावत्या काढणारी. आपा अंगानं बारीक आणि आवाजानं दणदणीत. मीटिंगसाठी अमरावतीला आली की आधी स्टँडजवळ गिला वडा खाणार, मग कार्यालयात येऊन उशिराचं खापर एसटीवर फोडणार. रागीट तर इतकी, की चुकीचा सुटा भाग पाठवणाऱ्या दुकानदाराला तिनं फोनवर रडवल्याचं मी ऐकलेलं आहे. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "एवढे पंप सांभाळून राहिली न मी, अजून एक कायले?"

सॉफ्टवेअर आलं तेव्हा आम्ही सगळे कुरकुरलो. एकटी आपा खूश. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सामायिक लायब्ररी होती. एका जातीच्या पंपाची निगा कशी राखायची, कधी उघडायचा, काय तपासायचं, कोणता भाग कधी बदलायचा, हे तिथं एकदाच लिहायचं. मग त्या जातीचे सगळे पंप, ते अकोल्याला असोत की कोकणात, त्या एका लिखाणाला जोडायचे. मूळ लिखाणात बदल केला की सगळीकडच्या कामाच्या पावत्या आपोआप बदलतात. "सुनंदा, एक फिटर रिटायर झाला का त्याचं सारं डोकं त्याच्यासंगं घरी जाते," आपा म्हणायची. "आता नाही जाणार." तिनं पातूरपासून दर्यापूरपर्यंत काळीपिवळी जीपमधून फिरत एकेक पंपघर पालथं घातलं, फिटर लोकांशी भांडली, त्यांच्या डब्यातलं खाल्लं, आणि ती लायब्ररी भरली.

दर्यापूरकडचा भाग खारपाणपट्ट्यातला. तिथलं जमिनीखालचं पाणी खारट, म्हणून योजना धरणातल्या गोड्या पाण्यावर. पण ती दुष्काळाची वर्षं होती. धरण आटलं की पूर्णा नदीकाठच्या विहिरींचं पाणी उपसून गोड्यात मिसळावं लागायचं, आणि ते मीठ पंपाला आतून खायचं. गोड्या पाण्यावर वर्षभर बिनघोर चालणारा पंप तिथं एका उन्हाळ्यात चाळणी व्हायचा. म्हणून आपानं त्याच पंपासाठी दुसरं, वेगळं लिखाण केलं : खाऱ्या पाण्यासाठी. लवकर उघडा, आतलं चाक बदला, जोडीचा राखीव पंपही तपासा. त्या वर्षी आजूबाजूला टँकर फिरत होते, पण आमचा एकही पंप बंद पडला नाही.

मग मुख्यालयातून नवे साहेब आले. त्यांना लायब्ररी नीटनेटकी हवी होती. पडद्यावर एकाच पंपाची दोन लिखाणं दिसली की त्यांना ते दुबार वाटायचं. सगळ्यांसमोर त्यांनी आपाला विचारलं, "मॅडम, एकच मॉडेल, मग उपचार दोन कशाला?" आपा म्हणाली, "सर, मॉडेल एकच आहे. पाणी एक नाही." साहेब हसले. मी आणि दोन फिटर तिच्या बाजूनं बोललो, तेव्हा आमच्याकडेही पाहून तसेच हसले. पुढच्या आठवड्यात खाऱ्या पाण्याचं लिखाण काढून टाकलं गेलं आणि तिकडचे सगळे पंप सर्वसाधारण लिखाणाला जोडले गेले. आपाचा लायब्ररीत बदल करण्याचा अधिकारही काढला. खर्च कमी झाल्याबद्दल साहेबांचं कौतुक झालं म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या पंपघरातला मुख्य पंप बंद पडला. राखीव पंप सुरू केला तर तासाभरात तोही बसला. दोघेही त्याच सर्वसाधारण लिखाणाला जोडलेले होते, आणि त्यात मिठाचा विचारच नव्हता. नळ कोरडे पडले, टँकर येईना, आणि लोक गावातल्या जुन्या खाऱ्या विहिरीवर गेले. तिथं बेबीबाई नावाची एक बाई होती. तिच्या नवऱ्याची मूत्रपिंडं आधीच खराब, डॉक्टरांनी खारं पाणी वर्ज्य केलेलं. बेबीबाई शेजारपाजारी गोड्या पाण्याची एकेक कळशी मागत फिरली. मग कोणाकडेच उरलं नाही.

पाणी सुरू झाल्यावर गावात सभा झाली. साहेब गाडीतून आले आणि म्हणाले, यंत्र आहे, अचानक बिघडतं. आपा मागे खुर्चीवर बसली होती, मी तिच्या शेजारी. ती उठली. "अचानक नाही बिघडला," ती म्हणाली. "हा पंप मरणार हे आमाले माईत होतं. त्याची दवा लिहून ठेवली होती, ते काढून टाकली." मला वाटलं, आता गाव साहेबांना घेरेल. पण बायकांमधून बेबीबाई उभी राहिली आणि तिनं आपाकडेच बोट केलं.

"तुमाले माईत होतं बाई, तं आदी काहून नाही सांगतलं?"

आपा खाली बसली. तिनं कुणाकुणाला सांगितलं होतं, किती वेळा सांगितलं होतं, ते मला ठाऊक होतं. पण ते सगळं कार्यालयात होतं, आणि बेबीबाई तिथं नव्हती. त्या बाईचा नवरा पुढे अकोल्याच्या दवाखान्यात वारला. पाण्यानंच वारला असं कोणी छातीठोक सांगू शकलं नसतं. आपा मात्र सांगायची.

कंपनीची बदनामी केली म्हणून तिची बदली लांबच्या एका गोदामात झाली. तिनं राजीनामा फेकला आणि अकोल्यात एका खासगी संस्थेत शिकवू लागली. गावानं पुढच्या वर्षी, नवे पंप बसवले तेव्हा, साहेबांना शाल-श्रीफळ दिलं. मी ते तिला सांगायला नको होतं, पण तिनं खोदून विचारलं. ती म्हणाली, "देऊ दे. पाणी तं आलं न." आणि मग थोड्या वेळानं, "बेबीबाई गेली होती का सत्काराले?" मी म्हटलं, नव्हती.

सगळ्यात कडू गोष्ट अजून सांगायची आहे. नवे पंपही गंजायला लागले, तेव्हा साहेबांनी गुपचूप आपाचं ते काढून टाकलेलं लिखाण परत आणलं. समुद्राकाठच्या योजनांनाही तेच जोडलं, आणि मुख्यालयात ते आपलीच कल्पना म्हणून मांडलं. कोणी ते धड वाचलंसुद्धा नाही, आपाच्या वऱ्हाडी बोलीसकट जसंच्या तसं उचललं. आपाला मी फोनवर कळवलं, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "काई हरकत नाही. मशीन चालते न?" म्हणाली. तिला हरकत होती. आजारपणात शेवटची भेटले तेव्हा तिनं पंपांचा, साहेबांचा, कुणाचाच विषय काढला नाही. माझा हात धरून एवढंच म्हणाली, "मी सांगतलं होतं न, सुनंदा?" मी हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं...

परवा कार्यालयात कोकणातल्या एका पंपघरातून फोन आला. नवा फिटर होता, आवाजावरून कोवळा वाटला. त्याच्या हातात लायब्ररीतून निघालेली कामाची पावती होती आणि त्यातली एक ओळ त्याला कळत नव्हती. त्यानं अडखळत वाचून दाखवली : "पंप उघडला का डोयावर भरोसा ठेवू नोका, आतून बोट फिरवून पाहा."

"मॅडम, 'डोया' म्हणजे काय?"

"डोळा," मी म्हटलं. "डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. मिठानं पडलेले खड्डे दिसत नाहीत, हाताला लागतात."

"बरं," तो म्हणाला. फोन त्यानं तसाच चालू ठेवून बाजूला ठेवला असावा. लोखंडावर पाना आपटल्याचा आवाज आला, मग काही वेळ काहीच नाही. मग तो लांबून कुणाला तरी म्हणाला, "हो रे, आहेत खड्डे."