कोळंबी शाबूत उतरली!

मंडळी, आज सकाळी महूजवळच्या तलावावर दोन तास गळ फेकून आले. खांदा अजून दुखतोय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मागच्या हिवाळ्यात रत्नागिरीला भावाकडे गेले होते. किनाऱ्यावरून गळ फेकला की आमिष म्हणून लावलेली कोळंबी हवेतच तुटून उडायची आणि पाण्यात पडायचा रिकामा गळ. भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या हातात जोर नाही. तू वाळूत बस." अठ्ठावन्न वर्षांची मी, वाळूत जाऊन बसले. पण मनाला लागलं.

इंदूरला घरी येऊन व्हिडिओ पाहिले आणि बेट क्लिप मागवली. ही इवलीशी पकड फेकताना गळ दोरीच्या टोकाच्या शिशाच्या वजनाजवळ धरून ठेवते आणि पाण्यावर आपटताच सोडते.

आज पहिल्या तिन्ही वेळा गळ क्लिपमधून हवेतच निसटला. हे म्हणाले, "चल ना, धूप वाढतेय."

"तुम्ही गाडीत बसा. मी नाही येणार."

नीट पाहिलं तर गळाचा दोरा ढिला होता. क्लिप जरा खाली सरकवून तो ताणला आणि पुन्हा फेकला. सरळ लांब जाऊन छपाक! ओढून बघते तर गळ क्लिपमधून सुटलेला, कोळंबी जशीच्या तशी!

हे गाडीतून उतरून ओरडले, "अरे वा, एक और!"

मासा एकही लागला नाही. चालेल. डिसेंबरात समुद्रावर मीच फेकणार आहे.

तुम्हालाही कुणी असं बाजूला बसवलं होतं का? मग उठलात कशा?