चिंचोक्यांचा तास

मंडईत नवी चिंच आली की त्या गाळ्यापाशी माझी पावलं रेंगाळतात. विकणारी बाई बोटुकं उकलत बसलेली असते आणि निघालेले चिंचोके शेजारच्या घमेल्यात टाकत असते. त्या आंबटगोड वासाने इतरांच्या तोंडाला पाणी सुटत असेल. माझ्या छातीत मात्र जुनी जळजळ सुरू होते. कित्येक वर्षं मी तिला पित्त म्हणत आले, पण तो हेवा आहे. सत्तरी जवळ आल्यावर आता लपवायचं तरी कोणापासून?

पेठेतल्या एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवत असे. माझ्या आकृत्या शाळेत प्रसिद्ध होत्या. चेतापेशी काढायला घेतली की रंगीत खडूंनी अख्खा फळा भरून जाई. एकेक फाटा असा नाजूक उतरे की पुढच्या तासाच्या शिक्षकांनाही फळा पुसवत नसे. नावांच्या रेघा पट्टीने, सगळ्या उजव्या बाजूला. मुलं मान खाली घालून ते उतरवून घेत आणि त्या शांततेला मी आदर समजत असे. माझ्या नोकरीच्या पंधराव्या वर्षी ती नवी शिक्षिका म्हणून आली. चार पिढ्या पुण्यात रुजलेल्या मुसलमान घरातली, वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. तिच्याकडे नववीची दुसरी तुकडी दिली गेली. शिक्षिकेचं मूल तिच्या स्वतःच्या वर्गात बसवायचं नाही अशी आमच्या शाळेची रीत होती, त्यामुळे माझी मुलगी आपसूक तिच्या वर्गात गेली.

मेंदूच्या धड्याला तिने फळ्याला हातच लावला नाही. मुलांना व्हरांड्यात आणून एका रांगेत उभं केलं, पण कोणी कोणाला चिकटायचं नाही. प्रत्येक जण म्हणजे एक चेतापेशी. डाव्या मुठीत चार चिंचोके, उजवा तळवा उघडा. पहिल्या मुलाच्या बोटाला ती थंडगार पेला टेकवायची आणि खोटंच ओरडायची, "तवा तापलाय!" की त्याने मूठ उघडून एक चिंचोका शेजारणीच्या तळव्यात सोडायचा, तो पडताच तिने पुढच्याच्या. पेशीपेशींत बारीकशी फट असते, निरोप त्या फटीतून रसायन होऊन पलीकडे जातो, हे चाळीस मुलांच्या तळव्यांना कळत होतं. चिंचोका खाली सांडला की निरोप मेला, सगळे हळहळायचे. शेवटचा मुलगा म्हणजे हाताचा स्नायू. त्याच्यापर्यंत निरोप पोचला की तो टुणकन मागे उडी मारायचा आणि व्हरांडा हसण्याने भरून जायचा. माझ्या वर्गाच्या खिडकीतून हे सगळं दिसे. माझी मुलंही तिकडेच बघत असत. आणि मी 'व्याख्या लिहा' म्हणत, पाठ फिरवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तेच बघत असे.

विज्ञानाची प्रमुख म्हणून पाठनिरीक्षणाची वही माझ्याकडे होती. वर्षातून एकदा सहकाऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं आणि शेरा लिहायचा. मी लिहिलं: फलकलेखन नाही. शास्त्रीय संज्ञांकडे दुर्लक्ष. वर्गशिस्त सैल. तीनही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून तर ते लिहिताना मी कुठे अडखळले नाही. तिने वाचलं, सही केली आणि म्हणाली, "अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं, बाई."

पुढच्या आठवड्यापासून तिच्या वर्गात हाताची घडी आली. फळ्यावर आकृती आली, रेघा पट्टीने. मी खिडकीशी उभी राहून पाहिलं आणि मला बरं वाटलं. अगदी खरं सांगते, बरं वाटलं. ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी जेवताना मुलगी ताटातला भात चिवडत म्हणाली, "आई, आमच्या बाई आता तुझ्यासारखंच शिकवतात." तक्रार होती ती. मी उठून वरण गरम करायला गेले, गरमच असलेलं.

यंदा चिंच आली त्याच आठवड्यात एका वाचनालयाच्या फळ्यावर पाटी दिसली: 'मेंदूची तोंडओळख, दर रविवारी सकाळी, कोणीही यावे.' खाली तिचं नाव. गेल्या रविवारी गेले, ते माफी मागायचीच असं ठरवून. निवृत्त मंडळी बरीच होती, हिंजवडीतल्या नोकरीतली दोन-तीन पोरंही होती. केस पांढरे झालेत तिचे, जीभ तीच. एका आजोबांनी विचारलं, "नावं आठवत नाहीत हो हल्ली, काही करता येईल का?" ती म्हणाली, "ज्यांची आठवत नाहीत त्यांनी तुमच्याकडून पैसे तर नाही ना नेलेले? मग जाऊ द्या." सभागृह हसलं. मागच्या खुर्चीतली मी मात्र हसले नाही.

तास संपल्यावर तिला गाठलं. घरून घोकून आणलेलं सगळं बोलून टाकलं: तो शेरा, त्यामागचा हेवा, बंद पडलेला खेळ. तिने चष्मा काढला. "कसला खेळ, बाई?"

चिंचोक्यांचा, म्हटलं. तिला आठवेना. शेराही आठवेना. ती मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणत असेल, असं वाटून मी तिचा चेहरा निरखला. पण तो कोराच होता. त्याआधी घरी मुलीला विचारलं होतं, तर तीही "काहीतरी रांग करायचो ना?" एवढंच म्हणाली होती. म्हणजे तो तास पुरता उरला होता तो फक्त माझ्याकडे. इतक्या बारकाईने तो दुसऱ्या कोणी पाहिलाच नव्हता.

"सांगा ना," ती म्हणाली आणि पिशवीतून वही काढली. मी सांगू लागले. डावी मूठ, उजवा तळवा, मधली फट, थंड पेला, शेवटची उडी. ती लहान मुलीसारखी भराभर लिहून घेत होती. "अहो, काय सुंदर आहे हे! पुढच्या रविवारी घेतेच. कोणी शोधलं?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

रिक्षात बसल्यावर पहिला विचार काय आला असेल? की आता पुढच्या रविवारी टाळ्या पुन्हा तिलाच मिळणार. छातीत तीच जळजळ उठली, वय न झाल्यासारखी. पण सांगताना मी एकही पायरी गाळली नव्हती.