सल्ल्याची भांडी

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्यावरून थोडं आत वळलं की आमचं मुलींचं वसतिगृह लागतं. वसतिगृह म्हणायचं ते लोकांना बरं वाटावं म्हणून. इथं येतात त्या घरातून पळून गेलेल्या, घरच्यांशी बोलणं टाकलेल्या, शाळेनं हात टेकलेल्या मुली. बाल कल्याण समिती त्यांना पाठवते. त्या इथं राहतात, शिकतात, समुपदेशक ताईंपुढं मन मोकळं करतात, आणि त्यांच्या आईबापांनाही ताई अधूनमधून बोलावून घेतात. मी इथली गृहमाता. नाव गृहमातेचं, काम सासूचं, हवालदाराचं आणि पाण्याच्या टाकीवरच्या राखणदाराचं. मुली मला मावशी म्हणतात. मावशी तापट आहे, हे जुन्या मुली नव्या मुलीला तिची बॅग उघडायच्या आधीच सांगतात, त्यामुळं मला स्वतःची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी घरची माणसं भेटायला येतात. पूर्वी आम्ही हॉलमध्ये समोरासमोर खुर्च्या मांडायचो. आई म्हणायची, किती वाळलीस. बाप म्हणायचा, हे केस काय केलेस. आणि तिथून जे जुंपायचं ते रडारडीवर थांबायचं. मग आमच्या अधीक्षक मॅडमनी एक नियम काढला. त्या दिवशी स्वयंपाक मुली करणार, आईबाप पाहुणे. पाहुण्यानं न विचारता सल्ला दिला किंवा चूक काढली, की एक भांडं त्याच्या नावावर. जेवणं झाली की मागच्या मोरीवर आपापली भांडी घासायची, आणि ज्याचं जे माणूस असेल त्यानं शेजारी बसून पाणी घालायचं. भांडी संपल्याशिवाय निघायचं नाही. मला हा नियम अजिबात पटला नव्हता. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही असं आमचं शहर. त्यात टँकरच्या पाण्यावर असले खेळ कुणाला सुचावेत, तर ज्यांना टँकरवाल्याशी भांडावं लागत नाही त्यांना.

त्या वर्षी आमच्याकडं चितेगावची एक मुलगी होती. वय सोळा. वडील काही बोलले की ही कपबशी भिंतीवर फेकायची, त्यामुळं घरात काचेचं म्हणून काही उरलं नव्हतं. दोनदा घर सोडून गेली होती, दुसऱ्यांदा पोलिसांनी बसस्टँडवरून परत आणलं. आमच्याकडं फक्त स्टीलची भांडी, त्यामुळं इथं ती नुसतीच धुसफुसायची. घरी जायचा विषय निघाला की एकच उत्तर, "नाय जायचं. तिथं माझं सारखं चुकतंच." तिला घरी पाठवायचं की इथंच ठेवायचं, हे दिवाळीच्या आधी ठरायचं होतं. मॅडम माझं मत विचारणार होत्या, कारण रात्रंदिवस मुलींसोबत राहते ती मी.

तिचे वडील चितेगावच्याच एका कंपनीत क्वालिटीला होते. म्हणजे दिवसभर लोकांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या. संध्याकाळी घरी येताना ते काम कंपनीत ठेवून यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा चप्पल काढायच्या आधीच त्यांनी मला गेटच्या बिजागरीला ग्रीस लावायला सांगितलं. एक भांडं. मग पंखा डुगडुगतोय, भाकरीची कड जाड राहिली, फोडणी करपली. एका मुलीच्या हातातून लसूण घेऊन तो कसा सोलायचा हेही दाखवून झालं. मुलींना तर ऊत आला होता. जेवण होईपर्यंत परात, कुकर, कढई आणि दोन पातेली त्यांच्या नावावर जमा. त्यांच्या बायकोच्या नावावर साधा चमचाही नव्हता. ती माउली पंख्याखाली बसून कुणीतरी वाढलेली गरम भाकरी शांतपणे खात होती, आणि तिला कुणी उठवू नये म्हणून मी जवळच उभी राहिले.

मोरीवर बाप घासायला बसला आणि लेक तोंड फिरवून मगानं पाणी घालू लागली. शेवटी त्यांनी कढई धुऊन तिच्यापुढं धरली. तिनं ती हातात घेतली, उन्हात धरली, फिरवून पाहिली आणि परत दिली.

"रिजेक्ट," ती म्हणाली. "कडंला तेल हाय."

मला वाटलं आता उडणार भडका. त्यांनी कढईकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा घासायला घेतली. तीच कढई तिनं आणखी एकदा परत केली. माझा जीव मात्र ड्रममधल्या पाण्यात अडकला होता.

पुढच्या खेपेपासून तर त्या माणसानं ताळतंत्रच सोडलं. वॉचमनला खुर्ची कुठं ठेवावी ते सांगितलं. मॅडमना टेबल कुठल्या दिशेला असावं ते सांगितलं. ओट्यावर आलेल्या मांजरालाही दोन शब्द ऐकवले, आणि मुलींनी त्याचंही पातेलं धरलं. संध्याकाळ झाली तरी बापलेक मोरीवर, आणि माझा ड्रम रिकामा. मी मॅडमना स्पष्ट सांगून टाकलं की हा माणूस सुधारायचा नाही, पोरीला इथंच राहू द्या. मॅडम फक्त हसल्या. त्यांचं ते हसणं मला कधीच सहन होत नाही.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी टँकर आलाच नाही. मी संधी साधली. पत्रावळी मांडल्या, भांडी आज बंद असं सगळ्यांना बजावलं आणि मोरीच्या दाराला कडी घातली. जेवणं झटपट उरकली. बाकी मुलींच्या घरची माणसं गप्पा मारत बसली. हे बापलेक मात्र बाकावर दोन टोकांना बसले. वडिलांनी पंख्याकडं पाहिलं. तो अजून डुगडुगत होता. ते काहीच बोलले नाहीत. लेक पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. शेवटी त्यांनी घड्याळ पाहिलं, उठले आणि चप्पल शोधायला लागले.

तशी पोरगी तडक स्वयंपाकघरात गेली आणि परात घेऊन बाहेर आली. ती परात सकाळी मी स्वतः घासली होती. आरशाच्या जागी टांगावी इतकी लख्ख.

"मावशी," ती माझ्या डोळ्यात न बघता म्हणाली, "ही नीट निघाली नाय."

"मी घासतो की," वडील म्हणाले. एक चप्पल पायात, एक हातात.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी कडी काढली. पिण्यासाठी राखून ठेवलेल्या पाण्यातल्या दोन बादल्या मोरीवर नेऊन ठेवल्या आणि तिथून निघून आले. मागून तिचा आवाज आला, रिजेक्ट, आणि त्यांचं हसू. त्या माणसाला हसता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी पदराला नाक पुसलं आणि दिसेल त्या मुलीवर ओरडत सुटले. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, पाठवा तिला.

समितीनं होकार दिला. ताईंनी बापलेकींना अधूनमधून येत राहायला सांगितलं. दिवाळीच्या तोंडावर आईवडील रिक्षा घेऊन न्यायला आले. सामान चढलं, ती आईशेजारी बसली, आणि मी वडिलांना गेटवर गाठलं. पोरगी चिडली की मागं लागू नका, थोडा वेळ एकटी सोडा. चहा गोड लागतो तिला. परीक्षेचं सकाळी सकाळी काढू नका. स्वेटर वरच ठेवलाय. आणि घरात कपबश्या एवढ्यात आणू नका.

रिक्षातून आवाज आला, "मावशी, पातेलं."

अंगणातल्या झाडून साऱ्या पोरींनी तो उचलून धरला. मी म्हटलं, नियम पाहुण्यांना आहे. खिडकीतून मॅडम म्हणाल्या, नियम सगळ्यांना आहे. मग काय, चहाचं काळं पडलेलं पातेलं घेऊन गेले मोरीवर. बसले तेव्हा ध्यानात आलं की पाणी घालायला ज्याचं त्याचं माणूस लागतं. मला भेटायला दुसऱ्या रविवारी कुणी येत नाही. कुठल्याच रविवारी येत नाही. यात रडण्यासारखं काही नाही, सवयीचं आहे. मी स्वतःच मगाकडं हात नेला.

तिथं मग नव्हताच. ती रिक्षातून उतरून आली होती, आणि नव्या ड्रेसचा घेर गुडघ्यात दाबून माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि तिचे वडील त्याला रिक्षा कशी वळवावी ते समजावून सांगत होते. तिनं धार धरली, मी घासलं. पातेलं तिच्या हातात दिलं. तिनं ते उन्हात धरलं, फिरवलं आणि मला परत दिलं.

"कड राहिली, मावशी."

कड स्वच्छ होती. मी ती पुन्हा घासायला घेतली.