शेजारच्या सीटवरून

बाबांना मोजे घालता घालता मुलगी मेटाकुटीला आली होती. पाय सुजलेले, मोजा घोट्यापाशी अडलेला, आणि वरून सूचना चालूच.

"आधी टाच बसव. टाच बसली की बाकीचं आपोआप बसतं. घाई कशाला करतेस?"

"मी नाही करत बाबा, घड्याळ करतंय. लोक येऊन बसले असतील."

"बसू देत. थांबायला मीच शिकवलंय त्यांना."

हे मात्र खरं होतं. बाबांनी उभा जन्म लोकांना मोटार शिकवण्यात घालवला. शिकाऊ माणसाला स्टिअरिंगवर बसवायचं, आपण शेजारच्या सीटवर बसायचं आणि पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय तयार ठेवायचा, हा त्यांचा धंदा. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि ते सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी कुणाला 'छान' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. चुकलं की बोलायचे, आणि बरोबर आलं की पुढची चूक कुठे होईल ते सांगायचे.

आता पोटातलं दुखणं सगळीकडे पसरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, यापुढे औषध द्यायचं ते फक्त दुखू नये म्हणून. उन्हाळा दिसेल की नाही, सांगता येत नाही. त्यावर बाबांनी विचारलं, "पण माझं लायसन्स त्याच्याही पुढपर्यंत चालू आहे, त्याचं काय करायचं?" डॉक्टरीणबाईंना हसावं की नाही ते कळेना. मुलगी जिन्यात आल्यावर रडायला लागली, तर दोन पायऱ्या खालून बाबा म्हणाले, "कठडा धर. डोळ्यांत पाणी असलं की पायरी दिसत नाही."

तिची आई झोपेतच गेली होती. त्या दिवशी घर भरून माणसं आली, आईबद्दल काय काय सुंदर बोलली, आणि ते सगळं ऐकायला आई तेवढी नव्हती. बाबांच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे मुलीने मनाशी पक्कं केलं होतं. जे बोलायचं ते त्यांच्या तोंडावर, त्यांचे कान शाबूत असताना. मागितलं तर तिने एवढंच मागितलं होतं. पण बाबा मिळू देतील तर शपथ! जेवताना तिने सुरुवात केली तर म्हणाले, "आधी तोंडातला घास गिळ." दाढी करून देताना केली तर म्हणाले, "हातात वस्तरा असताना माणसाने भावनेच्या आहारी जाऊ नये." तिने कपाळाला हात लावला.

शेवटी तिने ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना गाठलं. रविवारी दुपारी स्कूलच्या अंगणात जुन्या विद्यार्थ्यांना बोलवायचं, मास्तरांना मधोमध बसवायचं, आणि तिने बोलायचं. चारचौघांत खुर्चीवर बसवलेला माणूस जाणार कुठे?

गाडीत बसल्यापासून त्यांची शाळा सुरू झाली. "आरसा बघितलास?"

"बघितला."

"मला तुझी मान हललेली दिसली नाही."

"बाबा, मी शहर बस चालवते. रोज पन्नास माणसं मागे बसतात. एकाची तक्रार नाही."

"त्यांना कळत नाही म्हणून. हां, पुढे सायकलवाला."

"दिसला."

"दिसला होता तर आधीच हळू का नाही झालीस?"

"तुम्ही ना, उंटावरून शेळ्या हाकू नका! ह्या गाडीत तुमच्याकडे ब्रेक नाहीये."

"तेच तर सांगतोय," बाबा म्हणाले, आणि रिकाम्या जमिनीवर त्यांनी पाय दाबला. त्या जागेचं पायपुसणं झिजून भोक पडलं होतं.

अंगण भरलं होतं. पाववाल्या बाई होत्या, दातांचे डॉक्टर होते, अग्निशमन दलाचा गणवेश घालूनच आलेला एक धिप्पाड गृहस्थ होता. मालक दोन शब्द बोलले आणि मुलगी उभी राहिली. आठवडाभर तिने आरशासमोर घोकलं होतं.

"माझे बाबा अतिशय शांत स्वभावाचे..."

"कोण?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

अंगणात खसखस पिकली. ती पुढे म्हणाली, "त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही..."

"टेम्पोवाल्यावर चढवला होता."

"आणि माझ्यावर!" पाववाल्या बाई मागून म्हणाल्या.

मुलीचा पारा चढला. "बाबा, आज तुम्ही शिकाऊ आहात. शिकाऊ माणसाने मध्ये बोलायचं नाही!" टाळ्या पडल्या. मग घोकलेलं सगळं तिने सोडून दिलं. "बरं, खरं तेच सांगते. ह्या माणसाबरोबर राहणं म्हणजे रोज परीक्षा. सिनेमाला जायची सोय नव्हती. पडद्यावर गाडी वळणावर आली की ह्यांचा पाय पुढच्याच्या खुर्चीवर आदळायचा. पुढचा माणूस उठून भांडायचा, आणि आई म्हणायची, 'मी ह्यांना ओळखत नाही.' दुकानात आई सामानाची ढकलगाडी घेऊन वळली की हे मागून ओरडायचे, 'इशारा दे!' एकदा तिने खरंच हात बाहेर काढला आणि शेजारच्या बाईंचा चष्मा पाडला."

लोक हसून हसून गडबडा लोळायचे बाकी राहिले. बाबांच्या कपाळावर आठी होती, पण मान डुलत होती. आता वेळ आली, असं तिला वाटलं.

"पण मला ह्यांना एक गोष्ट सांगायची आहे. मी एकोणीस वर्षांची असताना..."

"आई गं!" बाबांनी पोट धरलं. "मला घरी ने."

सगळे धावले. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. अग्निशमनवाल्याने त्यांना अलगद उचलून गाडीत ठेवलं. गाडी फाटकाबाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत बाबा डोळे मिटून होते. मग म्हणाले, "दुसरा गिअर टाक. इंजिन कण्हतंय."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते ताठ बसले होते. चेहऱ्यावर दुखण्याचं नावही नव्हतं.

"नाटक केलंत?"

"थोडंसं."

"थोडंसं? बाबा, माझा श्वास अडकला होता! तुमच्यासाठी एवढी माणसं जमवली, आणि तुम्ही?"

"रडलो असतो मी," बाबा चिडून म्हणाले. "त्या प्रत्येकाला मी सांगितलंय, काचेपलीकडचं दिसलं पाहिजे, रडायचं ते घरी जाऊन. आता त्यांच्यासमोर मीच रडू?"

मुलीने करकचून ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. "ठीक आहे. इथे कुणी नाही. आता ऐका."

"इथे थांबायला मनाई आहे. पाटी बघ."

दात-ओठ खात तिने गाडी पुढे काढली. फर्निचरचं दुकान रविवारचं बंद होतं. त्याच्या रिकाम्या आवारात तिने पांढऱ्या दोन रेघांच्या बरोबर मध्ये गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, चाकं सरळ केली. बोट ठेवायला जागा नाही, अशी.

बाबांनी खिडकीतून रेघ पाहिली, आणि नाइलाजाने म्हणाले, "बोल."

"मी एकोणीस वर्षांची होते. पाण्याच्या टाकीच्या चढावर गाडी बंद पडली. मागे दगडांचा ट्रक, त्याचा सारखा भोंगा. क्लच सुटत होता, गाडी मागे घसरत होती. आणि तुम्ही दार उघडून उतरलात. मला वाटलं, चिडून चाललात. तर तुम्ही गाडीच्या मागे जाऊन उभे राहिलात. ट्रक आणि माझ्यामध्ये. ट्रकवाल्याला म्हणालात, 'शिकतेय. आपण थांबू.'"

"मूर्खपणा होता तो. कुठलाही शिकवणारा असं करत नाही. करू नये."

"गाडी तुमच्या अंगावर येत होती, बाबा!"

"तू ब्रेक दाबणार होतीस."

"ते मलासुद्धा माहीत नव्हतं!" ती ओरडलीच. "तेच सांगतेय मी कधीची! मलाच माहीत नव्हतं, आणि तुम्ही मागे उभे होतात. मी बसवर जाते, एकटी राहू शकते, कुणाच्या बापाला घाबरत नाही, ते सगळं त्या चढावरचं आहे. एवढंच बोलायचं होतं. झालं. आता काढा चुका."

बाबांनी नाक जोरात शिंकरून रुमालाची नीट घडी घातली.

"मग हे तिथे का नाही सांगितलंस?"

"काय?"

"सिनेमा काय, चष्मा काय, नको ते सांगत बसलीस. हे सांगायचं होतं. मालकाला तर मी हे आजवर सांगितलं नाही. त्याने स्कूलमधून काढलं असतं मला."

मुलीला हसावं की स्टिअरिंगवर डोकं आपटावं, कळेना. "तुम्ही सांगू दिलंत का?"

"वळव गाडी. गेले नसतील अजून. आणि हे बघ, ट्रकचा भोंगा जरा मोठा कर सांगताना."

"आणि रडू आलं तर?"

"बघतील. काय करणार?" बाबा म्हणाले. "मागे बघून काढ."

अंगणात खुर्च्या एकात एक घालणं चाललं होतं. पाववाल्या बाई पिशवी उचलून निघालेल्या. गाडी आत येताना पाहून सगळे पुन्हा घाबरून धावले. बाबांनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून होता नव्हता तेवढा आवाज लावला, "खुर्च्या मांडा परत! हिचं अर्धं राहिलंय!"